मैदानातले भोपळे

आमच्या शाळेच्या हेडमास्तरांना शेणाचा वास सहन होत नसे. म्हणून ते रुमालावर कोलोन शिंपडत, तो नाकाला लावत आणि व्हरांड्यात उभे राहून आम्ही पोरं उघड्या हातांनी शेण नीट कालवतो की नाही ते बघत. याला आता साठ वर्षं उलटून गेली. शेणाच्या वासाने मला अजूनही काही होत नाही, आमच्या घराची जमीनच शेणाने सारवलेली होती. पण बसमध्ये शेजारी एखादा कोलोन लावलेला गृहस्थ येऊन बसला, तर मी सरळ उठते आणि जागा बदलते. लोकांना वाटतं, म्हातारी विक्षिप्त आहे. वाटू दे.

शाळा आमच्या बेटावरच्या कांप दे मास्क या गावात, उसाच्या शेतांना लागूनच होती. वर पत्रा, खाली सिमेंट आणि मागे एक मोकळं मैदान. मैदान म्हणजे काही फार नव्हे. गवत तुडवून तुडवून नाहीसं झालेलं, मधे दोन-तीन काळे दगड, कडेला एक बदामाचं झाड. मी तेव्हा पाचवीत होते, धाकटी बहीण नुकतीच शाळेत घातलेली, सहा वर्षांची. आई पहाटे उसात कामाला जायची, बा आमच्या भाज्यांच्या तुकड्यावर. त्यामुळे धाकटीची वेणी घालणं, तिला शाळेत नेणं आणि परत आणणं हे माझं काम. मला त्याचा कंटाळा यायचा, हे आधीच सांगून टाकते.

कंटाळ्याचं खरं कारण वेगळं होतं. धाकटी वर्गात फ्रॉक ओला करायची. घरी कधीच नाही, फक्त शाळेत. बाहेर जायचं तर बाईंना इंग्रजीत विचारावं लागे. घरात मराठी आणि रस्त्यावर क्रेओल बोलणाऱ्या सहा वर्षांच्या पोरीला ते एक वाक्य घशाबाहेर काढता येईना. ती दोन्ही गुडघे आवळायची आणि मग व्हायचं ते व्हायचं. वर्गाच्या बाईंनी त्यावर उपाय काढला होता. ओली झालेली पोर बाहेर भिंतीला पाठ लावून उन्हात उभी करायची, वाळेपर्यंत. मी माझ्या वर्गाच्या खिडकीतून ते बघायची आणि कुणी विचारलं तर म्हणायची, ती आमच्या शेजारची आहे. रोज सकाळी निघताना धाकटी दाराची चौकट धरून रडायची. बा म्हणायचा, "नाय जायची तर नको, पोरगीच ती. घरी आईला मदत करंल." तिची शाळा तशी पहिल्या दिवसापासूनच एका धाग्यावर लटकत होती.

तो धागा टिकवला दूधवाल्या मावशीने. दूधवाली म्हणजे गाईम्हशींची नव्हे. शाळेला सरकारकडून दुधाची भुकटी यायची, ती मोठ्या पातेल्यात गरम पाण्यात कालवून दहाच्या सुट्टीत पोरांना वाटायची, हे तिचं काम. ती आमच्यातलीच, लग्न होऊन बेटाच्या दक्षिणेकडच्या सुरिनाम गावातून आलेली, अंगाने थोराड, समोरचा एक दात नसलेली. दूध मात्र अगदी ओकारी येण्यासारखं. वर जाड साय, खाली न विरघळलेले गोळे आणि पत्र्याच्या मगाला आदल्या दिवशीचा वास. ते संपवल्याशिवाय हलायचं नाही असा नियम होता. निम्मी पोरं नाक दाबून प्यायची, चार-पाच रोज ओकायची.

यावर मावशीचं स्वतःचं एक शास्त्र होतं. ती म्हणायची, "भुकटीचं दूध हाय गो, ढवळलं नाय तर खाली बसतं. पातेल्यात मी ढवळते, पोटात कोन ढवळनार? आले, गालूपे!" क्रेओलमधलं आले, गालूपे म्हणजे चला, पळा. दूध संपलं की एकालाही व्हरांड्यात बसू द्यायची नाही. मुलगे गोट्या खेळायला बसले तरी उठवायची, बसून दूध हलत नाही म्हणून. लंगडी, शिवाशिवी, जमिनीवर चौकोन आखून एका पायावर उड्या मारायचा लामारेल. मुली लाजायला लागल्या की स्वतः पदर खोचून फुगडीला उभी राहायची. तिच्याबरोबर फुगडी घालणं सोपं नव्हतं. आपण हलके, ती जड, त्यामुळे आपले पाय जमिनीवरून सुटायचे आणि सगळं मैदान गरगरायचं.

हेडमास्तरांना हा धिंगाणा पसंत नव्हता. पण मावशीने त्यांची नस बरोबर ओळखली होती. तिने त्यांना सांगितलं, पोरं पळाली नाहीत तर दूध उलटून टाकतील, तुमच्या वर्गात, तुमच्या खुर्चीजवळ. त्यांनी लगेच रुमाल नाकाला लावला आणि परवानगी दिली.

धाकटीचं मावशीला कुणी सांगितलं नव्हतं. भिंतीपाशी उभी असलेली तिने पाहिली असेल. एका सकाळी सुट्टी झाल्या झाल्या मावशीने तिला हाक मारली आणि सगळ्यांच्या कानावर जाईल अशा आवाजात म्हणाली, "बाय गो, माझ्यासंगं संडासाकडं चल. मला एकटीला भ्या वाटतं." शाळेचा संडास खरोखर भयंकरच होता. फळ्या कुजलेल्या, खाली किड्यांची वळवळ, आणि माश्या इतक्या की तोंड उघडायची सोय नाही. धाकटी तिच्याबरोबर गेली. मावशी आत गेली, धाकटी बाहेर पहारा देत राहिली. मग मावशी म्हणाली, आता तू जा, मी पहारा देते. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. ती जाडजूड बाई रोज, न चुकता, सहा वर्षांच्या पोरीला म्हणायची की मला भीती वाटते. आणि धाकटी तिचं बोट धरून म्हणायची, "पा पेर, मावशी," भिऊ नको.

आधी संडास, मग दूध, मग खेळ. महिन्याभरात फ्रॉक ओला व्हायचा थांबला. चौकट धरून रडणं थांबलं. लामारेलमध्ये ती माझ्याहून चपळ निघाली. अक्षरंही पटापट उचलायला लागली. एके संध्याकाळी सार्डिन माशांच्या डब्यावरची अक्षरं बोट ठेवून वाचली, तेव्हा बाने डबा हातात घेतला आणि उलटसुलट करून बघत राहिला. त्याला स्वतःला वाचता येत नव्हतं. त्यानंतर मुलगी घरी ठेवायची गोष्ट त्याने काढली नाही.

शाळेची बाग तेव्हा कुंपणालगत एक चिंचोळी पट्टी होती. मुलांना शेती शिकवायची असा वरून हुकूम होता म्हणे. दर सोमवारी प्रत्येकाने घरून डबाभर शेण आणायचं. ते आम्ही हातांनी मातीत कालवायचो, मग एका पिंपातल्या पाण्यात हात बुडवायचो. त्या पाण्यात डासांच्या अळ्या शेपट्या हलवत असायच्या. त्याच हातांनी पाव खायचा. बागेतली वांगी, मिरच्या, पालेभाजी कुणाच्या स्वयंपाकघरात जाते ते सगळ्या शाळेला माहीत होतं. हेडमास्तरांची सायकल दुपारी रिकामी कधी गेली नाही. दोन्ही हँडलांना पिशव्या, आणि वरच्या खिशात तो रुमाल.

पण त्यांना पट्टी पुरेना. जवळच्या दुसऱ्या शाळेच्या बागेला इन्स्पेक्टरने बक्षीस दिलं होतं, त्यामुळे त्यांच्या पोटात दुखत होतं. एका रविवारी ते आमच्या बैठक्यात आले. बैठका म्हणजे देवळाजवळची खोली, तिथे संध्याकाळी पोरांना मराठी शिकवायचे आणि मोठी माणसं गावकीचं बोलायची. हेडमास्तर आमच्यातले नव्हते, पण हात जोडून आले, चटईवर बसले, आमच्या पुरुषांना म्हणाले की शाळेमागे एवढी जमीन ओसाड पडलीय, तुमच्यासारखे जमिनीची जाण असलेले लोक गावात असताना ही लाजेची गोष्ट आहे.

झालं. आमच्या माणसांना ओसाड हा शब्द ऐकवायचाच नसतो. आजे-पणजे या बेटावर आले ते दगड उचलून ऊस लावायला, आणि पिढ्यान् पिढ्या त्यांची किंमत झाली ती किती जमीन खणली यावरून. मोकळी जमीन दिसली की त्यांचे हात खाजू लागतात. पोरं जिथे धावतात, पडतात, हसतात ती जागा त्यांना दिसतच नाही, तिथे त्यांना दिसते ती नुसती वाया गेलेली माती. आणि शाळा म्हणजे तर देऊळ. स्वतःला अक्षर आलं नाही, म्हणून शाळेसाठी घाम गाळायचा म्हटल्यावर एकानेही नाही म्हटलं नाही. पुढच्या रविवारी वीस-पंचवीस पुरुष कुदळी घेऊन आले. ढोलकी आणली, झाकरी नाचाची गाणी म्हटली, बायकांनी भाकऱ्या पोचवल्या. जेवणाच्या वेळेपर्यंत मैदान संपलं होतं. काळे दगड कडेला रचले आणि बदामाचं झाड सावली पाडतं म्हणून तेही तोडलं.

बा सगळ्यांत पुढे होता. भाज्या लावण्यात त्याचा हात धरणारा गावात कुणी नव्हता. मी त्याला पाणी द्यायला गेले आणि विचारलं, "बा, आमी खेळनार कुठं?"

"शाळंत काय खेळायला जाता?" तो म्हणाला. मग खाली वाकून मूठभर माती उचलली, कुस्करली, मला दाखवली. "बघ, किती झ्याक माती. ही तुमी पोरं तुडवत होता. पाप हाय ते."

त्याच्या चेहऱ्यावर असा आनंद मी सणालाही पाहिला नव्हता. त्याला वाटत होतं, तो आमच्यासाठी काहीतरी मोठं करतोय. मला त्या दिवशी त्याचा राग आला नाही. राग पुढे आला, आणि आला तो जायचं नाव घेईना.

सोमवारपासून खेळाची सुट्टी म्हणजे बागेची सुट्टी झाली. दूध रांगेत उभं राहून घटाघटा प्यायचं आणि लगेच शेणात हात. मावशीने एकदा वाफ्यांमधल्या वाटेवर लहान पोरांना पळवायचा प्रयत्न केला. हेडमास्तर व्हरांड्यातून ओरडले, आणि दुसऱ्या दिवसापासून तिला दूध वाटून झालं की झारीने पाणी घालायच्या कामाला लावलं. तिला आता धाकटीला संडासाकडे न्यायला क्षणाची उसंत मिळेना. धाकटी दोन-तीनदा तिच्या लुगड्याला धरून उभी राहिली, तिसऱ्या वेळी हेडमास्तरांनीच तिला हात धरून वाफ्यावर नेऊन बसवलं.

आणि मी? मला त्यांनी बागेची मॉनिटर केलं. बाची मुलगी म्हणून. छातीला हिरव्या फितीचा तुकडा आणि हातात उसाच्या पेराएवढी काठी. वाफ्यात कुणाचा पाय पडला तर नाव सांगायचं. मला इतकी घमेंड चढली की विचारू नका. फीत मी रात्री उशाखाली ठेवायची. पहिल्याच आठवड्यात मी ज्या पोरीला वाफ्यातून हाकललं ती माझी बहीण होती. एका पायावर उडी मारत होती, नुकतंच भोपळ्याचं बी पेरलेल्या मातीवरून. मी तिच्या पोटरीवर काठी मारली. जोरात नव्हे, पण मारली, आणि मग व्हरांड्याकडे बघितलं, साहेबांनी पाहिलं की नाही.

फ्रॉक पुन्हा ओला व्हायला लागला. भिंत पुन्हा आली, चौकट पुन्हा आली. दुधाच्या ओकाऱ्या इतक्या वाढल्या की व्हरांड्यात लाकडाचा भुसा टाकून ठेवावा लागे, आणि त्या आंबट भुशातून आम्ही अनवाणी वर्गात जायचो. बागेत मात्र लाल भोपळे असे धरले की विचारता सोय नाही. रविवारी माणसं कुंपणाशी उभी राहून ते बघायची आणि बाच्या पाठीवर थाप मारायची.

इन्स्पेक्टर आले त्या दिवशी सगळं गाव लोटलं होतं. पांढऱ्या चुन्याच्या रेषेवर आम्हाला ओळीने उभं केलं, प्रत्येकाच्या हातात बागेतलं काहीतरी. सगळ्यांत मोठा भोपळा हेडमास्तरांनी मुद्दाम धाकटीच्या हातात दिला. लहान पोरगी, मोठा भोपळा, फोटो चांगला येईल. तिच्या शेजारी मी, वांग्यांची टोपली घेऊन, पायात नवे पांढरे कॅनव्हासचे बूट. माझ्या जन्मातले पहिले.

भाषणं लांबली. ऊन डोक्यावर आलं. धाकटीने गुडघे आवळले ते मला दिसलं. तिने माझ्याकडे पाहिलं, आणि हळूच म्हणाली, "ताय, मावशीला हाक मार." मावशी वीस पावलांवर, पातेल्याजवळ उभी होती. मी समोर बघत राहिले. मग पाण्याचा आवाज आला. चुन्याची रेष विरघळली आणि ओघळ माझ्या बुटांकडे यायला लागला. मी दोन पावलं बाजूला सरकले. नुसती सरकले नाही, नाकही मुरडलं, सगळ्यांना दिसेल असं, म्हणजे त्यांना कळावं की हिच्याशी माझा संबंध नाही.

हेडमास्तरांनी रुमाल काढला. इन्स्पेक्टर डोंगराकडे बघायला लागले. मावशी धावत आली, तिने भोपळा घेतला, खाली मातीत ठेवला, धाकटीला पदरात गुंडाळलं आणि सगळ्यांच्या समोरून उचलून घेऊन गेली. हेडमास्तरांनी भोपळा पुसून टेबलावर ठेवला. बक्षीस मिळालं.

घरी येताना बाने धाकटीला खांद्यावर घेतलं होतं. तो तिच्यावर रागावला नाही, उलट म्हणाला, "एवढं झालं तरी भोपळा पाडला नाय पोरीनं. शाब्बास." आणि ते तो मनापासून म्हणाला. त्याच्या तोंडून निघालेलं ते कौतुक मी अजून गिळू शकलेले नाही. सहा वर्षांच्या पोरीने चारचौघांत स्वतःवर मुतावं, आणि बापाला बरं वाटावं की भोपळा फुटला नाही.

त्यानंतर धाकटी शाळेला उठेना. तीन दिवस गेले. शनिवारी दुपारी मावशी आमच्या घरी आली. पायरीवर बसली, घाम पुसला आणि बाला म्हणाली, "पोरीला घरी ठिवू नको. डोकं हाय तिला. मी बोलते साहेबाशी. पानी नंतर घालीन, आधी हिला नेईन. कामावरनं काढलं तर काढलं."

बाने आईकडे पाहिलं. आई चुलीशी होती, तिथूनच म्हणाली, "थोरलीला इचारा. तिला ठाव शाळंतलं."

बाने मला हाक मारली. मी आतल्या बाजूला पुस्तक घेऊन बसले होते. पुढच्या वर्षी सहावी होती, स्कॉलरशिपची परीक्षा होती, आणि छातीवरची फीत अजून माझ्याकडे होती. बा माझ्यापुढे उकिडवा बसला. आयुष्यात पहिल्यांदा त्याने मला मोठ्या माणसाला विचारतात तसं विचारलं. "तू सांग. पाठवू का हिला? जमंल तिला?"

मावशी माझ्याकडे बघत होती. तिला सगळं माहीत होतं, काठी, फीत, दोन पावलं, आणि तरी ती माझ्याकडे आशेने बघत होती. मला फक्त एवढं बोलायचं होतं, की हो, मावशी असली तर जमेल. पण मला दिसत होती ती भिंत, वाळत उभी असलेली ती, आणि वर्गातल्या पोरी, ही तुझीच ना म्हणून विचारणाऱ्या.

"नाय जमनार," मी म्हटलं. "घाण करते ती. नको पाठवू."

बाने मान हलवली. मावशी उठली आणि निघून गेली. धाकटी दाराआडून ऐकत होती. तिला वाटलं, मी तिला वाचवलं. ती धावत आली, माझ्या गळ्यात दोन्ही हात टाकले आणि हसायला लागली, मैदानात हसायची तशी.

मी तिचे हात सोडवले आणि तिला म्हटलं, लांब हो, मला अभ्यास करायचाय.